रत्नागिरीत आता दुसरी सर्व्हिस नाही

"लोक रत्नागिरीला आंबे खायला जातात," आमचे हे म्हणाले. "तू पिकलबॉल खेळायला चाललीस?"

"आंबे मे महिन्यात," मी म्हटलं. "मी फेब्रुवारीत चालले आहे."

वयाची साठी उलटलेल्या बायकोला एकटीने गाडी काढून कुंभार्ली घाट उतरायचा आहे, हे पचवायला त्यांना एक कप चहा लागला. मला मात्र आदल्या रात्रीपासून झोप नव्हती. शाळेची सहल असली की यायची नाही, तश्शीच! कारण बोलावणं कुमुदचं होतं. कुमुद आणि मी घाटावरच्या एका कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सहा वर्षं शेजारशेजारच्या खाटांवर झोपलो. ती रत्नागिरीची, मी पोफळीची. सुट्टी लागली की एकाच एसटीने आम्ही घाट उतरायचो. मी आधी उतरायचे आणि ती खिडकीतून हात हलवत पुढे जायची.

तर कुमुदची अडचण अशी होती. रत्नागिरीत तिचा आठ-दहा साठीपुढच्या बायकांचा पिकलबॉलचा गट आहे. दरवर्षी देवरूखच्या बायका येतात आणि एक दिवस सामने होतात. कप नाही, बक्षीस नाही, खेळ आणि मग जेवण. यंदा देवरूखकरांनी गुणांची पद्धत बदलायला लावली, आणि त्यामुळे कुमुदची दोन वर्षांची जोडीदार शैला तिला सोडून दुसरीबरोबर खेळणार होती.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. बॅडमिंटनएवढं मैदान, त्यावर टेनिससारखी पण बुटकी जाळी, हातात लाकडी फळीसारखी पॅडल (आमच्या वयाच्या सगळ्या तिला बॅटच म्हणतात) आणि भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू. जुन्या पद्धतीत सर्व्हिस ज्यांची, गुण फक्त त्यांनाच मिळतो. शिवाय दुहेरीत एकीची सर्व्हिस गेली की जोडीदारणीला दुसरी सर्व्हिस मिळते. दोघींची गेली की मगच ती पलीकडे जाते. अकरा गुणांना गेम. नव्या पद्धतीत चेंडू मेला की गुण, सर्व्हिस कोणाचीही असो. दुसरी सर्व्हिस नाहीच. गेम एकवीसला.

आता कुमुदचा हात तापायला वेळ लागतो. पहिले चार-पाच चेंडू ती जाळीत नाहीतर कुंपणाबाहेर घालवते आणि मग जी लागते, ती कोणाला आवरत नाही. जुन्या पद्धतीत हे खपून जायचं. नव्या पद्धतीत ते चार-पाच चेंडू म्हणजे चार-पाच गुण.

"शैला तोंडावर म्हणाली," कुमुदने फोनवर सांगितलं होतं. "म्हणाली, कुमुद, तुझी गाडी सुरू होईपर्यंत आता समोरच्यांचं स्टेशन येतं. शरू, तू तिकडे पुण्यात नव्या पद्धतीनेच खेळतेस ना? येतेस का गो माझ्याबरोबर? नाहीतर ही बॅट मी माळ्यावर टाकते. मला कोणाच्या गळ्यातलं लोढणं व्हायचं नाही."

तिचे यजमान बोटीवर होते. ते जाऊन चार वर्षं झाली. दोन्ही मुलं मुंबईला. संध्याकाळचा तो खेळ सुटला तर ती दिवेलागणीला टीव्हीसमोर बसेल आणि मग उठणार नाही, हे तिने सांगितलं नाही, पण मला कळलं. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं.

शुक्रवार: पुणे ते रत्नागिरी, पोफळीमार्गे

उजाडायच्या आत निघाले. साताऱ्यापर्यंत हमरस्ता, पुढे उंब्रजला उजवीकडे वळून मल्हारपेठ आणि पाटण. गुगलबाई तुम्हाला कोल्हापूरच्या बाजूने आंबा घाटाने जा म्हणेल, ऐकू नका. पाटणचा रस्ता अरुंद आहे, पण दोन्ही बाजूंना ऊस, मग डोंगर, मग कोयनेचं पाणी, आणि ट्रक कमी. पाटणला थांबून मिसळ खाल्ली. तिखट, लाल, पाव मागाल तेवढे. दीडशेच्या आत पोट भरलं आणि चहा वर.

कुंभार्ली घाट मी पहिल्यांदा स्वतः चालवत उतरले. लहानपणी या घाटात मला हमखास उलटी व्हायची आणि कुमुद माझ्यासाठी लिंबू घेऊन बसायची. आता गाडीचं चाक माझ्या हातात होतं आणि मला काहीसुद्धा झालं नाही! वळणावळणाला मी मोठ्याने "शाबास" म्हणत होते. गाडीत एकटं असण्याचे काही फायदे आहेतच.

घाट संपतो न संपतो तोच पोफळी. वडील वीजघरात होते, त्यामुळे माझं सगळं बालपण इथल्या कॉलनीत गेलं. कॉलनीत शिरताना विचारावं लागतं. मी गेटवर वडिलांचं नाव आणि हुद्दा सांगितला तेव्हा तिथल्या माणसाने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. त्याच्या जन्माआधीची गोष्ट. क्लबचं मैदान अजून आहे. तिथे आई पाचवारी खोचून बॅडमिंटन खेळायची. तेव्हा बॅडमिंटनमध्येही हीच पद्धत होती, सर्व्हिस असेल तरच गुण आणि जोडीला दुसरा हात. वडील पंच असायचे. आईची सर्व्हिस गेली की ते जरा जास्तच हळुवार आवाजात "सेकंड हॅन्ड" म्हणायचे. घरी कधी असं बोलायचे नाहीत. पुढे बॅडमिंटनने ती पद्धत सोडली, व्हॉलीबॉलनेही सोडली, आणि आता या पोरसवदा खेळाचीही सोडायची तयारी चालली आहे. मैदानाच्या कडेला दोन मिनिटं उभी राहिले आणि निघाले. जास्त थांबले असते तर डोळे भरले असते, आणि पुढे चिपळूणच्या रस्त्याचं काम चाललं होतं. तिथे डोळे कोरडेच हवेत.

चिपळूण ते संगमेश्वर महामार्ग बराचसा झाला आहे, पण मध्येच डांबर संपतं आणि माती सुरू होते. वळणाचे फलक नीट बघा. संध्याकाळी हातखंब्याला फाटा घेतला आणि खाऱ्या हवेचा पहिला झोत आत आला. कुमुद तिच्या घराच्या फाटकाशी उभी होती, पायांत खेळायचे बूट.

"केवढी गो जाडी झालीस!"

"तू तर पूर्वीपासूनच आहेस."

मग आम्ही दोघी फाटकातच हसत राहिलो. शेजारची कोणी बाई गच्चीवरून वाकून बघून गेली.

गाडीतून सामान काढायच्या आधीच मला ओढत मैदानावर नेलं. नाचणे गावाच्या बाजूला एका वसाहतीत जुनं बॅडमिंटनचं सिमेंटचं मैदान आहे, त्यावरच नव्या रेघा मारल्या आहेत. इथली एक रीत मला फार आवडली. आमच्याकडे सोसायटीत नंबर लावायला मोबाइलवर गट आहे. इथे सगळ्या जणी घरून चपला घालून येतात, तिथे बूट चढवतात आणि काढलेल्या चपला बुटक्या दगडी गडग्याला लागून ओळीने ठेवतात. ज्या जोडीच्या चपला पुढे, तिचा नंबर पहिला. जोडीदारणींच्या चपला शेजारी शेजारी. खेळून आलं की उचलून ओळीच्या शेवटी ठेवायच्या. भांडण नाही, लिहाय-पुसायचं नाही.

मला घ्यायला घरी येण्याआधी कुमुदने लावून ठेवलेल्या तिच्या निळ्या पट्ट्यांच्या चपला त्या ओळीत शेवटी एकट्याच होत्या. मी माझ्या चपला त्यांच्या शेजारी ठेवल्या.

"ह्या कोण?" एका उंच, कुरळ्या केसांच्या बाईने विचारलं. हीच शैला, हे मला ती बोलायच्या आधीच कळलं होतं.

"माझी पार्टनर," कुमुद म्हणाली. "पुण्याहून आणली आहे. स्पेशल."

"अरे वा, बाहेरून मागवली!" शैला हसली. हसणं वाईट नव्हतं. "खेळा हो, मजा येईल. आमच्या कुमुदला तेवढं सुरुवातीलाच जागं करा."

कुमुदच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वसतिगृहात सिस्टर रागावल्या की व्हायच्या, तशाच.

शनिवार: सामन्यांचा दिवस

सकाळी स्वयंपाकघरातून आंबोळ्यांचा वास आला. फेब्रुवारीत रत्नागिरीला जाणाऱ्यांनो, ओल्या काजूंची उसळ मिळाली तर किंमत विचारू नका, घ्या. बाजारात ते सोललेले काजू शेकड्यावर विकतात आणि भाव ऐकून पुणेकराला घाम फुटतो, पण त्या सोलणाऱ्या बायकांची बोटं चिकाने सोलवटलेली असतात, ती एकदा बघा म्हणजे घासाघीस करवणार नाही. कुमुदने खोबऱ्याचं वाटण लावून केली होती. मी तीन आंबोळ्या खाल्ल्या आणि चौथीला नाही म्हटलं, ते केवळ सामना होता म्हणून.

खाऊन झाल्यावर मी विचारलं, "हात तापायला किती वेळ लागतो तुला?"

"काय माहीत. पहिले चार-पाच चेंडू मला दिसतच नाहीत गो. म्हणजे दिसतात, पण हात उशिरा जातो."

"मग ते चार-पाच इथेच मारून जाऊ. तिथे कशाला?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी समुद्रात पाणी असतं असं सांगितलं. दोन वर्षं ती थेट चपला काढून मैदानात उतरत होती. तिथे नंबरासाठी थांबायचं, तेव्हा सगळ्या जणी गप्पा मारत. सराव वेगळा करायचा असतो हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं; जुन्या पद्धतीत गेमची पहिली दहा मिनिटं हाच सराव!

घरामागे चिऱ्याची भिंत आहे, गिलावा न केलेली. जांभा दगड म्हणजे सगळा खड्ड्याखड्ड्यांचा, आणि चेंडू भोकाभोकांचा. तो भिंतीवर मारला की परत कुठे येईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही! एकदा गुडघ्याशी, एकदा कानाशी, एकदा सरळ तुळशीत. कुमुद आधी किंचाळली, मग चिडली, मग तिचे ओठ घट्ट मिटले, आणि मग ती भिंत आणि ती अशा दोघीच उरल्या. मी बाजूला झाले. घामाने तिचा पंजाबी ड्रेस पाठीला चिकटला होता आणि ती एकही चेंडू सोडत नव्हती.

"ए शरू," ती धापा टाकत म्हणाली, "ही शैलापेक्षा वाईट आहे!"

देवरूखच्या बायका सकाळच्या एसटीने आल्या. त्यांच्या पुढारी सुधाताई, निवृत्त खेळशिक्षिका, गळ्यात अजून शिट्टी. नवी पद्धत त्यांनीच लावून धरली होती आणि ती का, हे त्यांनी मैदानात उभं राहून सगळ्यांना पुन्हा सांगितलं.

"गेल्या वर्षी शेवटचा गेम किती चालला आठवतंय ना? सर्व्हिस इकडे, सर्व्हिस तिकडे, गुण तिथल्या तिथे. आमची देवरूखची शेवटची गाडी गेली. आम्ही आठ जणी शमीमभाभींच्या घरी गाद्या टाकून झोपलो."

"मग? वाईट झोपलात का?" शमीमभाभी म्हणाल्या. ह्या शैलाच्या नव्या जोडीदार. ठेंगण्या, गोऱ्या, हातात बॅट आणि डोक्यावर ओढणी घट्ट गुंडाळलेली. "रात्री वड्यांचा घाणा मी तुमच्यासाठी घातला होता की नाही?"

"वडे अजून जिभेवर आहेत. पण घरी नवरा काय म्हणाला ते विचारू नका."

तर नियम ठरले: एकवीसचा एकच गेम, प्रत्येक चेंडूला गुण, फक्त शेवटचा, एकविसावा गुण आपल्याच सर्व्हिसवर जिंकायचा. मैदान बदलायचं अकराला. आणि गुण मोठ्याने सांगायचे. हे ऐकून कुमुदने मला कोपराने ढोसलं. आमच्या सिस्टर म्हणायच्या, "गुण असे ओरडा की देवाला खाली वाकावं लागू नये."

पहिला सामना देवरूखच्या एका जोडीशी. आणि काय सांगू! कुमुदने पहिलाच चेंडू दोघींच्या मधून असा काढला की दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दुसरा, तिसरा, तेच. बाहेर बाकावर बसलेल्या रत्नागिरीच्या बायका उठून उभ्या राहिल्या. शैलाही.

मग माझी एक सर्व्हिस गेली, म्हणजे गुण आणि सर्व्हिस दोन्ही त्यांच्याकडे. पण कुमुद चेंडू उचलून शांतपणे रेघेवर गेली, जुन्या सवयीने "टू!", म्हणजे दुसरी सर्व्हिस, असं ओरडली आणि सर्व्हिस करूनही मोकळी झाली. समोरच्या बाईने तो चेंडू तितक्याच सवयीने परत मारला. मीही मारला. चांगला चार-पाच फटके खेळ झाला आणि मग सुधाताईंची शिट्टी वाजली.

"कुमुदताई, दुसरी सर्व्हिस कुठली काढलीत? ती गेल्या वर्षीच्या गाडीने गेली!"

सगळं मैदान हसलं. देवरूखची बाई चेंडू हातात घेऊन म्हणाली, "मला कुठे काय कळलं? मीही खेळत बसले." पुढे दिवसभरात ही चूक सगळ्यांनी केली, दोन्ही गावांनी, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी बाकावरून ओरडायचं, "गाडी गेली!"

आम्ही तो सामना जिंकलो. शैला आणि शमीमभाभीही त्यांचा जिंकल्या. म्हणजे जिंकणाऱ्यांच्या सामन्यात आता त्या आणि आम्ही समोरासमोर. मी कुमुदकडे बघितलं. ती बाटलीतलं पाणी संपवत होती.

"हरलो तर हरलो," मी म्हटलं.

"तुला काय," ती म्हणाली. "तू उद्या पुण्याला जाशील. मला संध्याकाळी पुन्हा इथे यायचं आहे. चपला कोणाशेजारी ठेवू?"

मी तिची बॅट उचलून तिच्या हातात दिली. 

हा सामना मी विसरणार नाही. नव्या पद्धतीत श्वास घ्यायला जागा नसते. जुन्या पद्धतीत समोरच्यांची सर्व्हिस मोडली की आपण क्षणभर सुस्कारा सोडतो, गुण नसला तरी वाचलो म्हणून. इथे प्रत्येक चेंडू कोणाच्या तरी खात्यात जातोच. आणि चांगल्या खेळाडूंना बरोबर कळतं की चेंडू कोणाकडे मारायचा. शैलाने पहिले सगळे कुमुदकडे मारले, आणि कुमुदने ते सगळे परत दिले. मग शैला जरा विचारात पडली आणि माझ्याकडे मारायला लागली. मला सांगायला लाज वाटत नाही, मी त्यातले बरेच घालवले. सोसायटीतल्या तरुण मुलांबरोबर खेळून मला घाई करायची सवय लागली आहे: उंच दिसला की हाण! शमीमभाभी मात्र तो हाणलेला चेंडू पीठ झेलल्यासारखा अलगद अडवायच्या आणि जाळीपलीकडे टुपकन टाकायच्या.

त्यांचे वीस झाले तेव्हा आमचे सोळा होते. बाकावर कोणीतरी पिशव्या आवरायला लागलं.

पण शेवटचा गुण त्यांना त्यांच्याच सर्व्हिसवर हवा होता. म्हणजे त्यांच्यापुरती जुनी पद्धत परत आली होती! आमच्या सर्व्हिसवर त्या चेंडू जिंकल्या तर त्यांना फक्त सर्व्हिस मिळणार, गुण वीसच. हे कुमुदच्या लक्षात माझ्याआधी आलं. तिने खांदे सैल सोडले. "आता घाई नाही गो," ती माझ्या कानात म्हणाली, "आता आपला खेळ."

त्यांची सर्व्हिस आम्ही मोडली. सतरा. मग अठरा, एकोणीस. जाळीजवळच्या पट्ट्याला या खेळात किचन म्हणतात, आणि तिथे चेंडू टप्पा पडायच्या आधी मारायचा नसतो. तिथे कुमुद आणि शमीमभाभी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना असे अलगद चेंडू देत होत्या की जणू वाटीने साखरेची देवाणघेवाण चालली आहे. एक आम्ही हरलो, सर्व्हिस पलीकडे गेली, त्यांचे वीसच. पुन्हा त्यांची सर्व्हिस मोडली. वीस-वीस! शिट्टी, टाळ्या, कोणीतरी "कुमुद! कुमुद!" आणि लगेच दुसरं कोणी "शैला!"

सर्व्हिस कुमुदची. तिने गुण असे ओरडले की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबला. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे, मोजायचं भान कोणाला? आणि मग शैलाचा एक चेंडू जरा उंच आला. माझ्यासमोर. अगदी ताटात वाढल्यासारखा.

मी हाणला. जाळीत.

क्षणभर कुमुद सवयीने चेंडूकडे वाकली, दुसरी सर्व्हिस असावी म्हणून. मग थांबली. तिनेच तो चेंडू उचलून जाळीखालून शैलाकडे दिला. पुढचा चेंडू शैलाने कोपऱ्यात असा मारला की आम्ही दोघी फक्त बघत राहिलो. एकवीस-वीस.

मला जमिनीत जावंसं वाटलं. एवढ्या लांबून आले आणि काय करायला आले! कुमुद माझ्याकडे वळली. मला वाटलं ती रडणार. पण तिचे डोळे चमकत होते.

"शरू, मी नाही घालवला! शेवटचा मी नाही घालवला!"

"नाही. मी घालवला."

"किती छान!" असं म्हणून तिने मला मिठीच मारली.

जेवण शमीमभाभींकडे. सुरमईचं कालवण, तळलेले बांगडे, तांदळाची भाकरी, सोलकढी. शाकाहारी बायकांसाठी कुळथाची पिठी. गावात चांगली मासळी थाळी साडेतीनशे-चारशेला मिळते, पण असं घरचं आमंत्रण मिळालं तर सोडू नका. तिथेच विषय निघाला की रोजच्या संध्याकाळच्या खेळाला कोणती पद्धत ठेवायची. बहुतेकींना जुनी हवी होती. "सामन्याला ठीक आहे, रोज कशाला तो ताप? आपण काय मेडल मिळवणार आहोत?" एकीचं म्हणणं. दुसरी म्हणाली, "चूक झाली तरी गुण जात नाही, त्यातच तर आराम आहे." सगळ्यांनी कुमुदकडे बघितलं. तिचं मत गृहीतच होतं.

कुमुदने बांगड्याचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"नवी ठेवू या," ती म्हणाली.

शैला जेवता जेवता थांबली. "तू म्हणतेस हे?"

"काल माझी चप्पल ओळीत शेवटी होती. किती वेळ बसून होते, तेव्हा मोजलं. आपले गेम संपतच नाहीत. मी मागे पडायचे आणि हळूहळू जिंकायचे, मला वाटायचं काय भारी खेळते मी. आणि तेवढा वेळ चार-सहा जणी बाकावर बसून गार व्हायच्या. नव्या पद्धतीने गेम पटकन संपतो, प्रत्येकीला तीन तरी मिळतील." मग तिने शैलाकडे बघितलं. "पण माझी एक अट आहे. जोडी कायमची नको. प्रत्येक गेमला बदलायची. ओळीत पुढच्या चार चपला ज्यांच्या असतील त्या चौघी. कोण कोणाबरोबर, ते नशिबावर."

शैलाने सोलकढीची वाटी खाली ठेवली. 

"म्हणजे कधीतरी मला तुझ्यामुळे हरावं लागेल," ती म्हणाली.

"आणि मला तुझ्यामुळे."

"मेली," शैला म्हणाली आणि स्वतःच्या ताटातला तळलेला बांगडा उचलून कुमुदच्या ताटात टाकला.

देवरूखकरांची गाडी सुटायला अजून बराच वेळ होता. नव्या पद्धतीची कृपा! सुधाताईंनी सगळ्यांना भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं. इतकी वर्षं येतात, पण रत्नागिरीचा समुद्र त्यांनी ह्या निमित्ताने कधी पाहिला नव्हता; मैदान, जेवण, धावत स्टँड, बस्स. आठ बायका साड्या-सलवारी वर धरून पाण्यात उभ्या राहिल्या, आणि सुधाताईंनी लाटेला शिट्टी मारली.

रविवार, आणि परत

रविवारी मी निघणार होते सकाळी, निघाले सोमवारी. दिवसा थिबा राजवाडा बघितला, वरून खाडी बघितली, बाजारातून कोकम सरबत आणि आमसुलं घेतली. पण खरं थांबले ते संध्याकाळसाठी. पाय दुखत होते म्हणून मी खेळले नाही, बाकावर बसले. ओळीतल्या पुढच्या चार चपलांमध्ये एक निळ्या पट्ट्यांची होती आणि तिच्या शेजारी योगायोगाने शैलाची. दोघी एका बाजूला आल्या. कुमुदने घरून भिंतीशी झगडून आल्याचं कोणाला सांगितलं नव्हतं. पहिला चेंडू समोरच्यांच्या पायांत पडला तेव्हा शैला तोंडात बोट घालून उभी राहिली. पुढे दोघी हरल्या. शैलानेच तीन घालवले. "झाली का गाडी सुरू?" कुमुदने तिला विचारलं आणि बाकावरच्या सगळ्या खिदळल्या.

परतीला देवरूख, साखरपा, आंबा घाट असा रस्ता घेतला. लांब पडतो, पण घाटात सकाळी धुकं असतं आणि वर मलकापूरला चहा चांगला मिळतो. पेट्रोल, टोल आणि खाणं मिळून सगळा प्रवास साडेसहा हजारांत झाला. राहायचं असेल तर मारुती मंदिराच्या आसपास दोन हजारांत स्वच्छ खोली मिळते. गाडी नसेल तर कोकण रेल्वे आहेच, फक्त स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षा आधी ठरवा.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "मग? जुनी चांगली की नवी?"

मला अजून ठरवता आलेलं नाही. मनातून मला जुनी आवडते. चुकायला जागा, आणि चुकलं की कोणीतरी हळू आवाजात "सेकंड हॅन्ड" म्हणणारं. स्पर्धेत कोण किती तयारीचं हे नवी पद्धत पहिल्या चेंडूपासून सांगते, आणि त्यामुळे जे कच्चे आहेत ते बाजूला पडतात, असं वाटतं. पण ते गुणांमुळे पडत नाहीत, आपण जोड्या कशा लावतो त्यामुळे पडतात. हे शोधायला मला कुंभार्ली घाट उतरावा लागला.

काल संध्याकाळी सोसायटीच्या मैदानावर गेले. तळमजल्यावरच्या देशमुख वहिनी रोजच्यासारख्या कुंपणाच्या जाळीबाहेर उभ्या राहून खेळ बघत होत्या. वर्षभर बघतात. मी रोज नमस्कार करून आत जाते. काल थांबले.

"खेळता का माझ्याबरोबर?"

"छे हो," त्या मागे सरकल्या. "मला कुठे येतं. माझ्यापायी तुमचे गुण जातील."

"जातील की," मी म्हटलं. "बूट आहेत का घरी?"

 त्या वळल्या आणि चक्क धावत घराकडे गेल्या.